तिचा कीपॅड

बायको गेल्यापासून त्याला एका जागी बसवत नव्हतं. घरी असला की खिडकी उघडायची, परत लावायची, पाण्याचा पेला उचलायचा, न पिताच ठेवायचा. लेक फोनवर म्हणायची, "बाबा, जरा टेका की कुठंतरी." तो म्हणायचा, "टेकलोय." आणि फोनची वायर पुरेल तिथवर फेऱ्या मारत राहायचा.

ऑफिसात निदान हातांना काम होतं. पंप बनवणाऱ्या कारखान्याचा तो कॅटलॉग विभाग. खोली एक, टर्मिनलं दोन. काळा पडदा, हिरवी अक्षरं, मजकूर लिहाय-खोडायला एडिटर नावाचा प्रोग्रॅम, माउस वगैरे भानगड नाही. जे काय करायचं ते उजवीकडच्या आकड्यांच्या कीपॅडवर. एक बटण दाबलं की कर्सर पुढच्या शब्दावर, दुसरं दाबलं की अख्खी ओळ गायब. पिवळं बटण आधी दाबलं तर प्रत्येक बटणाचं काम वेगळं. एका टर्मिनलवर तो बसायचा, दुसऱ्यावर त्याची बायको. बायकोची धाकटी बहीण त्याच खोलीत प्रुफं वाचायची. टोमणे मारायला तिला कीपॅड लागत नसे.

त्या दिवशी सकाळी मेव्हणी प्रुफांचा गठ्ठा घेऊन त्याच्या टेबलापाशी आली.

"भावोजी, व्हॉल्व्हचं प्रकरण बघा."

"बघितलंय."

"डोळे उघडून बघितलंय का? सगळे नंबर जुनेच आहेत. ताईनं बदलले होते ना?"

बदलले होते. वर्कशॉपच्या फोरमननं फोनवर एकेक भाग सांगितला होता, आणि तिनं रिसीव्हर मानेत धरून नवे नंबर थेट टर्मिनलवर घातले होते. तेच तिचं शेवटचं काम. काम संपायच्या आतच ती खुर्चीतून उठली, टेबल धरलं आणि खाली बसली ती बसलीच. तिला दवाखान्यात नेण्याच्या धावपळीत कुणीतरी सवयीनं खोलीचा मेन स्विच बंद केला. फोरमन पुढं निवृत्त होऊन मुलाकडं गेला, त्याचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. आणि पानं छापखान्यात आज संध्याकाळी पोचायची होती.

"जुनंच छापलं तर?" त्यानं विचारलं.

"तर लोक चुकीचा व्हॉल्व्ह मागवतील, तो बसणार नाही, आणि शेवटच्या पानावर ताईचं नाव बघून शिव्या घालतील. छापू या?"

तो तडक निघाला आणि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सिस्टिमवाल्याला खालच्या मजल्यावरून ओढतच घेऊन आला.

सिस्टिमवाल्यानं फाइलींची यादी बघितली. "काका, घाबरू नका. काकूंनी फाइल बंदच केली नव्हती, म्हणून बदल उतरले नाहीत. पण हा एडिटर दाबलेलं प्रत्येक बटण बाजूला नोंदवून ठेवतो. ती नोंद इथं आहे. याला सांगायचं, जुनी फाइल उघड आणि तीच बटणं त्याच क्रमानं परत दाब. झालं."

"म्हणजे तिनं दाबलेली?"

"सगळी. चुकलेली, खोडलेली, सगळी."

त्याला दम कुठला! कॉपी घेऊन ठेवतो, असं सिस्टिमवाला म्हणत होता. ती जेमतेम होते न होते तोच त्यानं स्वतःच्या टर्मिनलवर, स्वतःच्या खात्यात नोंद चालवली.

पडदा हलायला लागला. पहिला नंबर ठीक बदलला. मग कर्सर बिथरला. एक ओळ गेली, तिच्यामागं दुसरी गेली. व्हॉल्व्हचं नाव वॉशरच्या मधोमध येऊन बसलं. नंबर कापले जाऊन भलत्याच रकान्यात चिकटत होते. त्यानं पडद्यावर हात आपटला. "थांबव! खातंय सगळं!"

सिस्टिमवाल्यानं थांबवलं. मेव्हणी कपाळाला हात लावून उभी होती.

"भावोजी, ताईचा कीपॅड निराळा होता. विसरलात?"

विसरला नव्हता, पण हात घाईत पुढं गेले होते. बायकोनं कीपॅडची मांडणी आपल्या मनासारखी करून घेतली होती. तिचं म्हणणं, खोडायची बटणं बोटाखाली आणि पुढं सरकायची कोपऱ्यात, हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं? दिवसभर माणूस पुढं जातो की खोडत बसतो? त्यानं मात्र टर्मिनलाबरोबर आलेली मूळ मांडणी कधी सोडली नाही. तिनं 'पुढं' म्हणून दाबलेलं बटण त्याच्या खात्यात 'खोड' होतं. ती शांतपणे पुढं जात होती, आणि त्याचं टर्मिनल ओळी गिळत होतं.

"मग तिच्या खात्यातून चालव," तो म्हणाला.

सिस्टिमवाला मान खाजवायला लागला. "खातं मागच्या आठवड्यात बंद केलं, काका. वरून सांगितलं होतं. मांडणी त्यातच होती."

"बॅकअप?"

"कामाच्या फाइली असतात. खात्यातलं किडूकमिडूक नाही घेत आम्ही."

"किडूकमिडूक," तो म्हणाला आणि खिडकीपर्यंत जाऊन परत आला. "ठीक. मांडणी मी सांगतो. तू भरत जा."

"तुम्हाला आठवतेय?"

"तिच्याशी भांडलोय तेवढ्यावरून."

आठवायला बसता येईना, म्हणून तो चालत चालत आठवू लागला. टेबलापासून कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत. एकदा घाईच्या वेळी तो तिच्या जागी बसला होता आणि मधल्या ओळीतलं, आकड्यांच्या पलीकडचं टोकाचं बटण दाबून थेट फाइलीच्या शेवटी जाऊन पडला होता. तेव्हा ती म्हणाली होती, "दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मीठ शोधताय का?" तर ते बटण 'शेवटी'. ओळ खोडायचं तिनं वरच्या कोपऱ्यात हाकललं होतं, कारण तिथं जायला तिला मनगट उचलावं लागे आणि तेवढ्यात फेरविचार होई. शब्द खोडायचं त्याच्या खाली. चार, पाच, सहा ही तिन्ही पुढं जायची: अक्षर, शब्द, ओळ.

"चार अक्षर की चार ओळ?" सिस्टिमवाल्यानं विचारलं.

तो थांबला. हवेत बोटं हलवली. "चार अक्षर."

"नक्की?"

"अरे, नक्की असतं तर येरझाऱ्या कशाला घातल्या असत्या?"

मांडणी भरली, नोंद पुन्हा चालवली. या वेळी पहिलं पान सरळ गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर नवा नंबर भलत्याच ओळीवर चढला. परत थांबवलं. दोन बटणं अदलाबदल केली, परत चालवलं, पुन्हा तिथंच घोळ. दुपार कलली. छापखान्यातून फोन येऊन गेला. त्याचे पाय दुखायला लागले होते, पण खुर्चीत टेकवत नव्हतं.

"हे डावीकडचं खालचं बटण," सिस्टिमवाला म्हणाला, "याला तुम्ही 'मागची ओळ' सांगितलंय. प्रत्येक वेळी हे आलं की गडबड होतेय. आणि हे फार वेळा येतंय."

"येणारच. दिवसभर तेच दाबायची. मागं जायची बहुतेक."

"मागं नाही जायची," मेव्हणी म्हणाली. "ते बटण रिकामं होतं."

"रिकामं बटण कोण कशाला दाबेल? दाबलं की नुसतं बीप वाजतं."

"तेच तर! विचार करताना वाजवायची. आपण पेन्सिल आपटतो तसं. तुम्ही इकडून ओरडायचात, 'चुकलीस!' आणि ती मला डोळा मारायची."

सिस्टिमवाल्यानं त्या बटणाचं काम काढून टाकलं आणि नोंद चालवली.

आता ओळी जागच्या जागी राहिल्या. जुना नंबर जायचा, नवा यायचा, कर्सर टुणकन पुढं. मधेच एक बीप. तिची अख्खी सकाळ भराभर पडद्यावरून धावत होती. एका ठिकाणी तिनं काहीतरी लिहून खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. फोरमन फोनवर गोंधळला असणार. तिसऱ्या पानापासून बीप वाढले. आधी दोन नंबरांमागं एक. मग प्रत्येक नंबरामागं. मग तीन-तीन, चार-चार एका दमात, आणि मग कुठं एखादा आकडा.

नोंदीत वेळ नसतो, फक्त बटणं असतात. तरी ती कुठं कुठं थांबली ते खोलीतल्या तिघांनाही ऐकू आलं. मेव्हणीनं तोंड भिंतीकडं केलं. तो त्या दिवशी पहिल्यांदाच खुर्चीत बसला.

एका भागाच्या नंबरात तीन आकडे आणि आडवी रेघ उमटली, आणि कर्सर तिथंच लुकलुकत राहिला.

"संपली," सिस्टिमवाला हळूच म्हणाला.

प्रकरणात तेवढा एकच भाग अर्धा होता, शेवटचा. तो उठला. "गोदामात जाऊन येतो. नंबर भागावर ठोकलेला असतो."

"सगळं प्रकरण तसंच का नाही केलं मग?" सिस्टिमवाल्यानं विचारलं.

"आठवडा लागला असता. एकाला काय लागतंय?"

तो जिना उतरला, गोदामातल्या मांडण्या धुंडाळल्या, तेलकट व्हॉल्व्ह उजेडात धरला, नंबर तळहातावर लिहून घेतला आणि धापा टाकत वर आला. तिच्या तीन आकड्यांपुढं उरलेले घातले. फाइल जतन करायला बोट कीपॅडवर गेलं आणि अडलं.

"फाइल नीट बंद झाली की एडिटर नोंद आपणहून पुसतो," सिस्टिमवाला म्हणाला. "माझ्याकडची कॉपी आहे. ठेवू?"

त्यानं तळहात पँटला पुसला. "ठेवून काय करू? रोज चालवत बसेन."

"मग पुसू?"

"पुसू नकोस. माझ्या हाताशी ठेवू नकोस, एवढंच."

त्यानं फाइल बंद केली. प्रिंटर करकरला, पानं बाहेर आली. मेव्हणीनं चष्मा लावून ती उभ्या उभ्याच वाचली, एका ठिकाणी बोट ठेवलं, मान हलवली आणि गठ्ठा बांधला.

"बरोबर आहे. मी नेऊन देते. तुम्ही बसा आता, भावोजी."

"मी पण येतो."

"एवढ्याशा गठ्ठ्याला दोन माणसं?"

"दे इकडं," तो म्हणाला, आणि गठ्ठा बगलेत मारून निघालासुद्धा. जिन्यावर तिची हाक ऐकू आली, "अहो, हळू! छापखाना पळून चाललाय का?" तो खालच्या पायरीवर थांबला आणि ती येईपर्यंत उभा राहिला.