खोट्या युरोपातला फोटो

पवनचक्की विजेवर फिरत होती. झाडाचं पान हलत नसताना तिची पाती संथ फिरताना पाहून अंबरीष लोहकरेला शिसारी आली, आणि ती दिवसभर उतरली नाही.

नागोयाहून मोटारीने निघून दुपारच्या आत पोचावं अशा अंतरावर, समुद्राकाठी, कुणीतरी हे युरोपातलं शहर उभारलं होतं. लाल विटांची घरं, कालवा, दगडी रस्ते, चौकात घड्याळाचा मनोरा. विटा म्हणजे भिंतीला चिकटवलेल्या फरशा होत्या. अंबरीषने नखाने खरवडून पाहिलं. कालव्याला ना वास, ना शेवाळ. पुलावर एक गोरा माणूस लाकडी बूट घालून उभा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जपानी पद्धतीने कमरेत वाकून नमस्कार करत होता.

खरा युरोप दाखवायचं अंबरीषने बायकोला कबूल केलं होतं. मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपनीने त्याला नागोयात दोन वर्षांसाठी पाठवलं, त्याची पाच झाली. दर सुट्टीच्या तोंडावर एखादं प्रोजेक्ट लाइव्ह जायचं आणि सुप्रभा काही न बोलता बॅगा पुन्हा कपाटात सारायची. यंदा तिच्या पोटात गाठ निघाली. सोमवारपासून केमो सुरू व्हायची होती, आणि लांबचा विमानप्रवास डॉक्टरांनी बंद केला होता. तेव्हा ऑफिसातले मोरिता-सान म्हणाले, की युरोप तर इथेही एक आहे, रविवारी आम्ही नवराबायको तुम्हाला घेऊन जातो. माणसं भली होती. म्हणून तर अंबरीषला नाही म्हणता आलं नाही, आणि त्याचाच त्याला जास्त राग येत होता.

जेवायला बसले तर मांस नको असं बजावूनही सुप्रभाच्या पिझ्झावर हॅमचे तुकडे. वाढणाऱ्या मुलीने हसतमुखाने सांगितलं, की हे मांस नाही, हे हॅम आहे. सुप्रभाने तुकडे बाजूला केले आणि खाली उरलेलं निवांत खाल्लं. अंबरीषने आपली ताटली पुढे सारली.

सुप्रभा आणि मोरितांची बायको योशिको-सान यांचं मात्र सकाळपासून जपानीत गुळपीठ चाललं होतं. सुप्रभा वॉर्ड ऑफिसच्या फुकट वर्गाला जाऊन जपानी शिकली होती. अंबरीषचं ऑफिस इंग्रजीवर भागायचं. त्याला दोघींच्या बोलण्यातलं काही कळत नव्हतं.

जेवण झाल्यावर मोरिता-सान सगळ्यांना एका चर्चपाशी घेऊन गेले. चर्च कसलं, फोटो स्टुडिओच तो. दाराशी भाड्याच्या पोशाखांची रांग टांगलेली. मोरिता-सान लाजत इंग्रजीत म्हणाले, की आमच्याकडून छोटीशी भेट आहे, लोहकरे-सान आणि ओकुसान, म्हणजे तुमच्या मिसेस, यांचा लग्नाच्या पोशाखात फोटो. मागून एक मुलगी हातावर आडवा घेऊन आली तो पांढराफेक झगा.

वडील गेले त्या दिवसापासून अंबरीषच्या आईने पांढऱ्याखेरीज दुसरं अंगाला लावलं नव्हतं. आणि हे लोक दवाखान्याच्या दारात असलेल्या बाईला ते घालायला निघाले होते. आमच्यात हे अशुभ असतं, कुणाला विचारून ठरवलंत, असं तो इतक्या तोडून बोलला, की मोरिता-सान कानापर्यंत लाल झाले आणि वाकून वाकून माफी मागू लागले.

"त्यांना बोलू नका," सुप्रभा मराठीत म्हणाली. "मीच सांगितलं होतं योशिको-सानला."

"तू? पांढरं?"

"का, विधवा दिसेन म्हणून? ती पाळी माझ्यावर नाही येणार. आली तर तुमच्यावर येईल."

घरात गेला महिनाभर हे वाक्य दोघंही टाळत होते.

"मला एक चांगला फोटो हवाय," ती म्हणाली, "केस आहेत तोवर. नाहीतर तुम्ही पासपोर्टचा मोठा करून भिंतीवर लावाल. त्यात मी चोरासारखी दिसते."

"लग्नातले आहेत की. शालूतले."

"त्या सगळ्यांत मधोमध तुमच्या आई आहेत."



ती कपडे बदलायला गेली. त्याला काळा कोट चढवला, कोटाला दुसऱ्या कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास मारत होता. असले किती नवरे यात घामेजले असतील, असं त्याच्या मनात आलं. सुप्रभा बाहेर आली तेव्हा तिने बांगड्या त्याच्या हातात दिल्या. एरवी साबण लावूनही न निघणाऱ्या त्या बांगड्या नुसता हात खाली केल्यावर निघाल्या होत्या. मंगळसूत्र काढा, असं फोटोग्राफर खुणेने सांगू लागला. तिने ते गळ्यातच ठेवलं, नुसतं आत सारलं.

समोरून झगा अगदी मापाचा दिसत होता. पाठीला मात्र मोठमोठे चिमटे लावून तो आवळला होता, कारण ती त्यात मावून अर्धा झगा रिकामा राहत होता. यापेक्षा बाहेरच्या चिकटवलेल्या विटा बऱ्या, असं त्याला वाटलं.

फोटोग्राफर कॅमेऱ्यामागे वाकला आणि एक चिमटा टणकन उडून फरशीवर पडला. झगा खांद्यावरून ढळला. मदतनीस मुलगी धावली, पण त्याआधी अंबरीषने पाठीमागे हात घालून कापड मुठीत धरलं. मुठीला तिच्या पाठीचे मणके लागत होते.

फोटोग्राफर काही बोलला.

"हात पुढे घ्या म्हणतो," सुप्रभा म्हणाली. "छातीशी धरायचा."

"नाही घेणार. असाच काढ म्हणावं."

तिने जपानीत सांगितलं. दुसरा चिमटा घेऊन मुलगी मागे थांबली होती. अंबरीषने तिला मानेनेच नको म्हटलं.

"आणि हसा जरा. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड नका करू."

त्याने प्रयत्न केला. कोटाचा वास नाकात होता, समोर रंगवलेल्या खिडकीतून विजेचं ऊन पडत होतं. फोटोग्राफरने पुन्हा पुन्हा काढला, पुन्हा पुन्हा पडद्यावर बघून मान हलवली. सुप्रभा दर वेळी छान हसत होती.

शेवटी तिनेच फोटोग्राफरला थांबवलं. पुरे, म्हणाली, हे असेच दिसतात.