पट्ट्याने माझ्यासमोर सांगितलेले खोटे

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझ्या जाळीला पोचा आला आहे, पोटातल्या तारेला दोनदा डाग दिलेला आहे, तरी आवाज अजून खणखणीत आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट एका शाळेच्या सभागृहात आलो. बारा वर्षे सूचना आणि बक्षीस समारंभ केले. मग तार तुटली आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून एका मुलीने मला उचलले. घरात तिला ताई म्हणत. तिने मला दुरुस्त केले आणि वडिलांच्या शिलाईच्या दुकानावरच्या खोलीत, भिंतींना जाड चादरी टांगून उभे केले.

ताई संगणकावर ताल बांधायची आणि धाकटा भाऊ त्यावर रॅप करायचा. त्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की थांबत नसे, म्हणून सगळे त्याला पट्टाच म्हणत. रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी ताई जिन्यातून हाक मारी. खाली बाबा लगेच मशीन थांबवत आणि हात मांडीवर ठेवून बसून राहत. गिऱ्हाईक आले तर ओठांवर बोट ठेवत.

एकदा संगीत कंपनीचे साहेब आले. आवाज छान आहे, म्हणाले, पण तुझ्या गाण्यात जखम नाही.

पट्ट्याने आठ दिवसांत जखम तयार केली. नव्या गाण्यातला बाप दारुडा होता, पोरांना उपाशी ठेवून गुत्त्यावर पडून राहणारा.

"हे आपले बाबा नाहीत," ताई म्हणाली.

"गाणं आहे ताई, शपथपत्र थोडंच आहे?"

ताईने मान खाली घातली आणि ताल बांधला. मीही कानावर आले ते निमूट पुढे धाडले. त्या दिवशीसुद्धा बाबा खाली मशीन थांबवून बसले होते.

गाणे तुफान गाजले. पट्टा दुसऱ्या शहरातल्या चकचकीत स्टुडिओत गेला आणि मुलाखतींमधूनही तेच सांगू लागला. इकडे एका दुपारी पँट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने बाबांना हळूच विचारले, "मास्तर, आता सुटली ना?"

बाबांना काही उमजेना. शेवटी त्याने फोनवर गाणे लावले. बाबांनी ते पूर्ण ऐकले, पँटची घडी घालून दिली आणि पुन्हा कामाला लागले. घरात चकार शब्द काढला नाही. जिन्यातून सगळे ऐकलेल्या ताईने मात्र भावाला कळवले, की यापुढे तुझ्या गाण्याला माझा ताल नाही. मला फडक्यात गुंडाळून तिने कपाटात ठेवले.

दोन वर्षांनी पट्टा घरी आला. मोठा कार्यक्रम ठरला होता आणि आयोजकांना मंचावर त्याचा बाप हवा होता. सुधारलेला, लेकाला मिठी मारणारा. हे सांगताना त्याची जीभ अडखळत होती. कपाटातूनही मला ते ऐकू येत होते.

 बाबा म्हणाले, "तुझं भलं होणार असेल तर सांगतो लोकांना, की प्यायचो आणि सोडली. फक्त कागदावर लिहून दे. माझ्या लक्षात राहायचं नाही."



कार्यक्रमाला पट्टा एकटाच गेला. भरल्या सभागृहात त्याने सांगितले, की माझ्या बापाने दारूला कधी हात लावला नाही, खोटारडा मी आहे. काही जण हसले, बरेचसे उठून गेले. कंपनीने संबंध तोडले. तो सामान घेऊन परतला आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःहून तेच सांगू लागला. काहींना पटले. काही अजून मान डोलावतात आणि मनात म्हणतात, पोरगा बापाला पाठीशी घालतोय.

ताईने मला पुन्हा बाहेर काढले आहे. दोघे नवी गाणी करतात. ऐकणारे थोडे आहेत.

मित्रांनो, माझी जाळी पुसत जा, तार पिळू नका; मी आणखी पुष्कळ वर्षे टिकेन. पण माझ्यासमोर उभे राहून घरच्या माणसाबद्दल बोलाल तेव्हा जपून बोला. एकदा पुढे धाडलेला शब्द मला माघारी बोलावता येत नाही.