डीवर ठेवलेलं गाणं

नारिन या डोंगराळ गावाच्या बाजारातल्या जुन्या लोखंडी कंटेनरात कुबानिचचं दुरुस्तीचं दुकान होतं. या आठवड्यात आलेला हा सातवा संगणक. जिल्हा कचेरीचा हुकूम होता, प्रत्येक शाळेने नवी, फुकटातली लिनक्स प्रणाली बसवावी; आणि त्याच कचेरीचा हजेरीचा तक्ता उघडायचा फक्त विंडोजमध्ये. म्हणजे एकाच संगणकात दोन्ही हव्यात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे कचेरीला कोण सांगणार? कुबानिचचं डोकं भणभणलं होतं.

डोंगरातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बुरुल एजे संगणक शालीत गुंडाळून घेऊन आल्या. इथे थोरल्या बहिणीसारख्या बाईला एजेच म्हणतात.

"आधी एक गंमत बघ," त्या बसता बसता म्हणाल्या. "माझ्या लेकीच्या, ऐजानच्या लग्नाचा व्हिडिओ सापडलाय. तुझी गुलसुन गातेय त्यात. अख्खं गाणं!"

कुबानिचचा हात थांबला. त्याची बायको गुलसुन वारून दोन वर्षं झाली होती. तिचे फोटो होते, आवाज मात्र कुठेच नव्हता. तो त्याला हवाच होता. पण ऐकायची छाती होईना. गिऱ्हाइकासमोर रडायचं का आता?

"काम उरकू द्या, एजे. मग बघतो. कुठे ठेवलाय?"

"डीवर! तूच पढवलंस ना, 'सी मरतो, डी जगतो'?"

तो कसनुसा हसला. डिस्कचे दोन भाग: सीवर विंडोज, डीवर आपल्या फायली. विंडोज बिघडली की सी पुसायचा, डीला बोट लावायचं नाही, हा त्याचा वीस वर्षांचा नेम. आसपासचे मास्तर तो पाढ्यासारखा म्हणत. म्हणूनच त्याने व्हिडिओची कॉपी काढून घेतली नाही.

त्याने सीमधूनच लिनक्ससाठी जागा मोकळी केली. पण लिनक्स बसवताना सी, डी दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात. आधीच्या सहाही संगणकांत सुरुवातीला एक छोटा छुपा भाग होता, त्यामुळे मोकळी केलेली जागा तिसरी यायची. या जुन्या खटाऱ्यात तो भागच नव्हता. कुबानिचने सवयीने तीन नंबर निवडला. 'यातलं सगळं पुसलं जाईल' अशी सूचना आली. सातव्यांदा ती कोण वाचतो? त्याने होकार दिला आणि चहा ओतायला उठला.

अर्ध्या तासाने पडद्यावर विंडोज आणि लिनक्स, दोन्ही नावं आली. "झालं की रे!" एजे खूश झाल्या. त्याने विंडोज उघडली. डी नव्हता.

त्याने होते नव्हते ते सगळे उपाय केले. इथे तिसरा भाग म्हणजे डीच होता; जुन्याच्या उरावर नवं लिहिलं गेलं होतं. तो स्टुलावर बसला.

"एजे, माझ्या हातून डी पुसला गेला. तुमच्याकडे दुसरीकडे कुठे आहे?"

"कशाला ठेवू? तू म्हणाला होतास ना, डी जगतो." लेकीचं लग्नही त्यातच गेलं होतं. पण त्याचं तोंड बघून त्या रागवल्या नाहीत.

त्याने विचारलं, "कोणतं गाणं होतं? मला आठवतच नाहीये. कशी दिसत होती ती?"

"निळा रुमाल बांधला होता. गाताना सारखी तुझ्याकडे बघत होती."

"आणि मी?"

"तू पाठमोरा. स्पीकरची वायर जोडत होतास." एजेंनी शालीची घडी घातली. "तिने हाक मारली, तर म्हणालास, 'काम उरकू दे, मग ऐकतो.'"