चार बोटं सरकवलेली खूण

मित्रांनो, मी ठोसे खाणारी एक जुनी बॅग आहे, आणि आज मी रागावलेली आहे. तुम्ही म्हणाल, जिचा जन्मच मार खाण्यासाठी झाला तिला राग कसला? बरोबर आहे तुमचं. पंचवीस वर्षं मी मुकाट्याने मार खाल्ला, कधी हूं की चूं केलं नाही. माराचा मला राग नाहीच. माझा राग वेगळा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय माझ्या पोटातल्या चिंध्यांना चैन पडायची नाही.

कातडी सामानाच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. जाड कातड्याच्या पट्ट्या जोडून एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं, पोटात शिंप्यांकडची कात्रणं ठासून भरली आणि डोक्यावर लोखंडी साखळी बसवली. मला थोपटून तो म्हणाला, ही बया दहा जणांना पुरून उरेल. दहा कसले, शेकड्यांनी आले आणि गेले. मी अजून टांगलेलीच आहे.

मला आणलं ते पत्र्याच्या छपराच्या एका बॉक्सिंग हॉलमध्ये. भिंतीला तडा गेलेला आरसा, कोपऱ्यात जुना टीव्ही आणि घामाचा वास, एवढीच तिथली श्रीमंती. हॉल चालवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांची शिकवायची एक पद्धत होती. रोज सकाळी ते शिंप्याच्या निळ्या खडूने माझ्यावर तीन गोल काढत. खालचे दोन बरगड्यांचे, वरचा हनुवटीचा. हनुवटीचा गोल बरोबर माझ्या पुढच्या शिवणीवर यायचा. ठोसा गोलात बसला तर ठीक, नाहीतर पुन्हा. मास्तर तोंडाने फार बोलत नसत, खडूनेच बोलत.

याच हॉलमध्ये खिळा आला. खिळा हे त्याचं खरं नाव नव्हे. अंगाने काटकुळा, पण सरळ घुसायचा, म्हणून पोरांनी ठेवलेलं ते नाव. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आई-वडील गेल्यावर त्याला थोरल्या बहिणीनेच वाढवलं. ही ताई मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायची. तिच्या हातात जाड सुई आणि मेण लावलेला दोरा असायचा. माझी शिवण उसवली की मास्तर तिलाच बोलावत. ती मला खाली उतरवून घ्यायची, तळाला बसलेल्या चिंध्या उपसून पुन्हा सारख्या भरायची आणि म्हणायची, "माझा भाऊ हिला फोडतो आणि मी हिला शिवते. दोघांचाही धंदा चालू आहे." मला ती फार आवडायची. त्या हॉलमध्ये मला शिवणारी तेवढी एकच होती.

दहा वर्षं खिळा मला मारत राहिला. त्याच्या हाताची ओळख मला इतरांपेक्षा वेगळी होती. बाकीचे राग काढायला मारत. हा मोजून मारायचा. हळूहळू तो जिंकू लागला. जिंकल्यावर आधी पडलेल्या माणसाला हात देऊन उठवायचा आणि मग सगळ्यात मागच्या रांगेतल्या लोकांना वाकून नमस्कार करायचा. लोक त्याच्यावर फिदा झाले. आमच्या हॉलच्या फाटकाशी गर्दी होऊ लागली. मलाही हात लावून बघत. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा मूठभर मांस चढलं होतं.

आता त्या पुरस्काराविषयी सांगते. आमच्या देशात दरवर्षी 'वर्षाचा लाडका खेळाडू' निवडतात. जाणकारांची समिती दहा नावं काढते आणि मग तीन आठवडे लोक फोनवरून मत देतात. कुणाला किती मतं पडली ते रोज पेपरात छापून येतं. आणि पहिला नंबर जवळजवळ ठरलेला, बॉक्सरचा. एका वर्षी एका पोहणाऱ्या मुलीने तीन विक्रम मोडले होते. तिला मिळाली मूठभर मतं. एकही मोठी लढत न जिंकलेल्या एका बॉक्सरला मिळाली पोतंभर. का, तर फुटलेल्या भुवईतून रक्त गळत असताना त्याने कॅमेऱ्याकडे बघून हसून दाखवलं होतं. पोहणारीचा घाम पाण्यात कुणाला दिसणार? रक्त मात्र लांबूनही दिसतं. लोकांना वाटतं, हा गडी आपल्यासाठी मार खातोय. मग ते अंगठ्याने एक बटण दाबतात आणि झाली परतफेड.

त्यामुळे आमच्या धंद्यात एक रीतच पडून गेली होती. मोठी लढत लावायची ती मतदानाच्या तीन आठवड्यांतच. त्या दिवसांत जो रिंगमध्ये उतरेल त्याच्यावर मतांचा पाऊस. जो घरी बसेल त्याला कुत्रंही विचारत नसे.

ज्या वर्षी खिळ्याचं नाव त्या दहांत आलं, त्याच वर्षी सरावात त्याच्या डाव्या डोळ्यावर एक ठोसा सणसणीत बसला. सूज उतरली, पण डोळ्याच्या कडेला काळा पडदा सरकल्यासारखा दिसतो, असं त्याने ताईला सांगितलं. माझ्यासमोरच सांगितलं. ताई म्हणाली, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल. त्याने हसून तिची समजूत काढली. ठोसा खुणेवर बसतोय तोवर डोळा ठीक आहे, खूण चुकली की त्याच दिवशी जाऊ, असं वचन त्याने तिला दिलं.

मित्रांनो, खूण चुकली. सगळ्यांत आधी ते मला कळलं, कारण लागत होतं मला. हनुवटीवर यायचा ठोसा शिवणीच्या चार बोटं उजवीकडे पडू लागला. एकदा नाही, दहादा. मला वाचा असती तर पत्रे उडतील एवढ्याने ओरडले असते. पण मी नुसतीच झुलत राहिले.

मास्तरांच्याही ते लक्षात आलं. त्या दिवशी सगळे गेल्यावर ते माझ्यासमोर आले. मग ओल्या फडक्याने त्यांनी हनुवटीचा गोल पुसला आणि चार बोटं उजवीकडे नवा काढला. दुसऱ्या दिवशी खिळ्याचा प्रत्येक ठोसा गोलात बसला. मास्तर म्हणाले, शाब्बास. तो पोरगा इतका खूश झाला की त्याने मला मिठी मारली. त्याला वाटलं, डोळा सुधारला.

मास्तर वाईट होते असं कुणी म्हणेल. नव्हते. वीस वर्षं त्यांनी त्या हॉलमध्ये हाडं झिजवली होती आणि तिथल्या एकाही खेळाडूला तो पुरस्कार मिळाला नव्हता. त्या वर्षी घास तोंडाशी आला होता. पण म्हणून मी त्यांना माफ करावं? मी करत नाही. ठोसा चुकला तर माणसाला दुरुस्त करायचं असतं, खूण सरकवायची नसते. एवढं तर माझ्यासारख्या चिंध्यांच्या गाठोड्यालाही कळतं.

लढतीला पाच दिवस उरले असताना माझी बाजूची शिवण उसवली आणि ताई आली. टाके घालता घालता तिची नजर निळ्या गोलावर गेली. तिने सुई माझ्यातच टोचून ठेवली आणि हाताची चार बोटं शिवणीपासून गोलापर्यंत ठेवून पाहिली.

"मास्तर, ही शिवण माझ्या हातची आहे," ती म्हणाली. "गोल शिवणीवर असायचा. हा इकडे कसा आला?"

खडूचंच काम ते, थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच, असं मास्तर पुटपुटले. ताई तिथून हलली नाही. शेवटी त्यांनी मान खाली घातली.

"मतांत तो सगळ्यांच्या पुढे आहे गं," ते म्हणाले. "मतदान संपेपर्यंतचा, दहा दिवसांचा प्रश्न आहे. मग आपण त्याला मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरकडे नेऊ."

"डोळा तुमचा असता तर थांबला असतात दहा दिवस?"

खिळा दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो माझ्यापुढे आला, उजवा डोळा हाताने झाकला आणि दुसरा हात पुढे करून मला शोधू लागला. मी त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होते. त्याला सापडले नाही.

त्याच दिवशी ताईने त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, लगेच ऑपरेशन केलं तर डोळा वाचेल, पण आणखी एक ठोसा बसला तर कायमचा जाईल. लढत रद्द करायचं ठरलं. ताईने त्या दिवशी माझी उरलेली शिवण घातली, तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता.

आणि मग माझ्या लाडक्या जनतेने आपला रंग दाखवला. लढत रद्द होणार ही बातमी फुटली. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, 'खिळा वाकला?' त्या एका दिवसात त्याला नेहमीच्या निम्मीही मतं पडली नाहीत. काल फाटकाशी जयजयकार करणारे आज तिथेच उभे राहून त्याला भेकड म्हणत होते. कुणीतरी बांगड्या फेकल्या. ताई कामावरून आली तर तिची वाट अडवून, भावाला पदराखाली लपवतेस का, असं विचारलं. हीच माणसं घरी पोरांना सांगत असतील, बाळा, डोळ्यांना जप, टीव्ही लांबून बघ.

खिळा हॉलच्या खिडकीशी उभा राहून ते ऐकत होता. तो ताईला एवढंच म्हणाला, "हे सगळे माझ्यावर प्रेम करायचे ना गं?" ताईने खिडकी लावून घेतली. पण उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने लढत होणार असं कळवून टाकलं. ताईने हात जोडले, अबोला धरला, त्याचे हातमोजेसुद्धा लपवून ठेवले. तो दुसऱ्याचे घेऊन गेला.

ती लढत मी कोपऱ्यातल्या टीव्हीवर ऐकली. खिळा जिंकला. आठव्या फेरीत डाव्या डोळ्यावर जो ठोसा बसला, त्याचा आवाज लोकांच्या आरोळीत बुडून गेला. त्या आठवड्यात त्याला इतकी मतं पडली की पुरस्काराच्या इतिहासात तेवढी कुणालाच पडली नव्हती. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तो इस्पितळात होता. ऑपरेशन झालं, पण वेळ निघून गेली होती. डाव्या डोळ्यासमोर कायमचा अंधार.

महिन्याभराने पुरस्काराचा समारंभ झाला. हॉलमध्ये सगळे टीव्हीपुढे जमले होते. खिळा मंचावर उभा राहिला आणि एका बड्या पाहुण्याने त्याच्या डाव्या बाजूने हात पुढे केला. त्याला तो दिसलाच नाही. तो समोर बघत राहिला. पाहुण्याचा हात तसाच लोंबकळत राहिला आणि लोक हसले. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच, माज चढलाय, डोक्यात हवा गेलीय. डोळ्याबद्दल कळलं तेव्हा कुणीकुणी हळहळले. पण तोवर फुटबॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या होत्या आणि लोकांना उसंत नव्हती. पुढच्या वर्षी दुसरा बॉक्सर लाडका झाला.

मास्तरांनी त्यानंतर हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही. माझ्यावर आता पितळी पाटी आहे, 'लोकांच्या लाडक्याची बॅग'. मला कुणी मारत नाही. लोक येतात, माझ्यावर मूठ टेकवून दात काढतात आणि फोटो घेऊन जातात. माझी शिवण पुन्हा उसवली आहे. ती कुणालाच दिसत नाही.

मध्यंतरी खिळा एकदा आला. ताई बरोबर होती, पण माझ्या दुरुस्तीसाठी तिच्याकडे असलेली हॉलची चावी ती दाराशी परत ठेवत होती. तो सवयीने आत शिरला आणि डाव्या हाताला टांगलेली मी न दिसल्याने माझ्यावर तोंडावरच आदळला. फोटो काढायला आलेली दोन पोरं फिदीफिदी हसली. तो पडू नये म्हणून त्याने मला दोन्ही हातांनी धरलं. आयुष्यभर मी ठोसे झेलले, मित्रांनो, पण तेव्हा मला पहिल्यांदा दुखलं. ताई धावत आली आणि त्या पोरांना म्हणाली, "हसा. तुम्हीच मत दिलं होतं ना?" पोरांनी फोन खिशात घातले. त्यातल्या एकाने खरंच दिलं होतं.

तेव्हा मित्रांनो, मला तुमची हळहळ नको. उद्या तुमच्याही हातात फोन येईल, समोर दहा नावं येतील आणि त्यांत एक बॉक्सर असेलच. त्याला मत द्यायला माझी ना नाही. पण तो लढणार नाही असं ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी शिव्या घालण्याआधी एक प्रश्न विचारा. खिळ्याला लाखो मतं पडली, पण "बाबा रे, तुला बरं आहे ना?" असं त्या फाटकाशी येऊन एकानेही विचारलं नाही.