शंभरीच्या आतली झाडं

शनिवारी संध्याकाळी निळ्या रिबिनीचं दुसरं रीळही संपलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. मराठी मंडळाची सतरा माणसं बॉइसीहून दीड तास गाडी चालवून ओवायहीच्या माळावर आली, डबे खाल्ले, आणि चक्क कामही केलं. घरी येऊन मी अवधूतला म्हटलं, "बघ, आपली माणसं कामाला लागली की लागतात."

"किती झाडांना बांधायच्या होत्या रिबिनी?" त्यानं विचारलं. माझा नवरा अठ्ठावीस वर्षं चिपमधल्या चुका शोधायचं काम करतोय. त्याला आनंद दाखवला तरी तो आधी उलटा करून बघतो.

उत्तर होतं, फार तर वीस. एका रिळातून शंभरेक निघतात.

रविवारी सकाळी सात वाजता मी एकटीच माळावर पोचले आणि गाडीतून उतरलेच नाही. समोरचा अख्खा उतार निळा झाला होता.

काम खरं तर सोपं होतं. हा माळ सेजब्रशचा. गुडघ्याएवढं करडं झुडूप, पानं चुरडली की कापूर आणि कडुनिंब एकदम नाकात जातात. त्या झुडपांच्या आडोशाला सेज ग्राउस नावाचा कोंबडीपेक्षा थोराड पक्षी राहतो. वसंतात त्याचे नर एका ठरलेल्या मोकळ्या जागी जमतात आणि छाती फुगवून नाचतात. डोलोरेस, म्हणजे जिची गुरं इथे चरतात ती, सांगते की तिच्या लहानपणी ऐंशी-ऐंशी नर असायचे. गेल्या वसंतात आम्ही अकरा मोजले.

कारण माळावर जुनिपर नावाची सदाहरित झाडं चढलीत. झाडावर ससाणा बसतो, आणि ससाण्याला बसायला जागा दिसली की हा पक्षी तिथे नाचायला येत नाही. पूर्वी काही वर्षांनी एखादा वणवा येऊन कोवळे जुनिपर साफ करायचा. म्हातारे तेवढे खडकांत उभे असायचे, म्हणून वाचायचे. मग माणसांनी शंभर वर्षं दिसेल तो वणवा विझवला, आणि झाडं खडकांतून उतरून खाली आली. आता नुसती काडी लावूनही चालत नाही. इतक्या दाट झाडीत आग एवढी तापते की गवताची मुळंच मरतात आणि बाहेरून आलेलं चीटग्रास नावाचं तण माजतं. म्हणून आधी करवत, आणि मग जानेवारीत, जमिनीवर बर्फ असताना, पाडलेल्या झाडांना बेतानं आग.

निळी रिबीन म्हणजे हे झाड पाडायचं नाही. ती फक्त जुन्या झाडांना, दीडशे-दोनशे वर्षांपुढच्या. इथे शंभरीच्या आतलं झाड म्हणजे पोरसवदा.

करवतवाले सोमवारी आणि मंगळवारी येणार होते. त्यानंतर बर्फानं त्यांच्या मोठ्या गाड्यांना रस्ता बंद. जे झाड राहील ते वर्षभर राहील, आणि अकरा नर आणखी वर्षभर वाट बघतील याची खात्री कुणालाच नव्हती.

मी सईला फोन लावला. ती राहुरीला शेतीचं शिकून इथे माळरानावर पीएच.डी. करतेय, आणि हा पट्टा तिच्या संशोधनाचा आहे. माझ्याकडे यातली काही पदवी नाही, बी.कॉम. आहे. नऊ वर्षं लायब्ररीतली पुस्तकं वाचत आणि डोलोरेसच्या मागे हिंडत जे आलं ते आलं. तरी झाडांवर खुणा करायचं काम सईनं माझ्यावर सोडलं होतं.

"मावशी, ते करवतवाले रिबीन बघतात, झाड नाही बघत," सई म्हणाली. "दोनशे? सिरियसली?"

"तू कधी पोचतेस?"

"लॅब इतकी लांब, आत्ता निघाले तरी संध्याकाळ."

"मग संध्याकाळी बघ. तोवर मी नीट करते."

मंडळाच्या ग्रुपवर मदत मागितली. कुणाची बालविहार शाळा होती, कुणाकडे सत्यनारायण. विनयनं लिहिलं, 'ताई, आमच्या आन्याच्या झाडाची काढू नका, प्लीज, तिनं नाव ठेवलंय.' मग मीनाक्षीकाकूंचा फोन आला. या विनयच्या आई, बार्शीकडच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्यात आणि चौथ्या महिन्यातच कंटाळल्यात.

"मी येतेय. विनय सोडतोय मला," त्या म्हणाल्या. "पण काढायला नाही हं. कोण काढतंय ते बघायला."

साडेनऊला काकू उतरल्या. साडीवर विनयचं जाकीट, पायात स्पोर्ट्स शूज, हातात काठी. काल स्वतः रिबीन बांधलेल्या झाडाशी सरळ जाऊन उभ्या राहिल्या. झाड देखणं होतं, हे मान्य करायलाच हवं. हिरवंगार, शंकूसारखं, वर सुबक टोक.

"चाळीस वर्षं शाळेच्या भिंतीवर 'झाडे लावा झाडे जगवा' रंगवून घेतलं मी. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवीन रोप. एक जगेल तर शपथ. आणि इथे आपलं आपण उगवलंय, तर तुम्ही ते तोडताय?"

"काकू, काल मी सांगितलं होतं ना..."

"सांगितलंस. वीस मिनिटं. हॅबिटॅट आणि काय काय. माझ्यासकट सगळ्यांनी छान दिसतील त्या झाडांना बांधल्या."

चूक माझीच होती. ज्यांना लहानपणापासून झाड तोडणं पाप म्हणून शिकवलंय, त्यांच्या हातात मी जीवदानाची रिबीन दिली होती आणि म्हटलं होतं, जपून वापरा.

मी गुडघ्यांवर बसले आणि झाडाच्या खालच्या फांद्या बाजूला केल्या. "जरा वाका."

"माझे गुडघे..."

"वाका हो."

काकू काठीवर भार टाकून वाकल्या. फांद्यांखाली गवताची काडी नव्हती. नुसती माती, आणि तिच्यात वाळून पांढरी पडलेली वेडीवाकडी खोडं. मी एक हातात धरलं, त्याचा भुगा झाला.

"हे काय?"

"सेजब्रश. होता."

त्या शेजारच्या झाडाशी गेल्या, काठीनं फांद्या उचलल्या. तिथेही तेच. तिसऱ्याशी गेल्या. शेतकऱ्याच्या घरात नांदलेली बाई ती, उघडी माती ओळखते.

"पाणी सगळं हेच पितंय."

"हो."

"मग काल हे दाखवायचंस. भाषण कशाला केलंस?"

"चुकलंच."

"कात्री आण इकडे."

त्यानंतर काकूंनी कारभार हातात घेतला. खोडाची साल, फांद्यांवरचं पिवळं शेवाळ, हे माझे बारकावे त्यांनी बाद केले आणि एकच प्रश्न ठेवला. जुन्या झाडाचा शेंडा झिजून गोल होतो, म्हणून प्रत्येक झाडापाशी त्या ओरडत, "टोक की डोकं?" टोक म्हटलं की कात्री. डोकं म्हटलं तरच मला साल तपासायची मुभा. आन्याच्या झाडाला टोक होतं. "तिला मी सांगेन," काकू म्हणाल्या, "आज्जीचं काम आहे ते." खडकात एक पिळवटलेलं, अर्धं वाळलेलं झाड होतं. त्याला कुणीच रिबीन बांधली नव्हती, दिसायला चांगलं नाही म्हणून.

"याचं वय?"

"पाचशे तरी असेल."

"अगंबाई. याला आधी बांध."

चार वाजेपर्यंत एकशे ऐंशी रिबिनी निघाल्या आणि तीन नव्या बांधल्या गेल्या. खालच्या मैदानाकडे उतरलो, जिथे पक्षी नाचतात. तिथे कडेला एकच जुनिपर उभा होता. त्याचीही रिबीन निळी, पण उन्हानं विटलेली.

"ही कालची नाही," काकू म्हणाल्या.

"नाही."

"कुणाची?"

"माझी."

माझी मुलगी गिरिजा कॉलेजला गेली त्या वर्षी मी पहिल्यांदा इथे आले. घर खायला उठायचं, म्हणून सारखी यायचे. या झाडाखाली डबा खायचे, पाठ टेकून पक्षी बघायचे. दोन वर्षांपूर्वी सईनं विचारलं, मावशी, हे नक्की जुनं आहे ना? मी म्हटलं, नक्की.

"टोक की डोकं?" काकूंनी विचारलं. या वेळी ओरडल्या नाहीत.

मी वर पाहिलं. टोकाखालच्या फांदीवरून विष्ठेचे पांढरे ओघळ खोडापर्यंत उतरले होते. ससाण्याची बैठक. मला ते पूर्वीही दिसले असणार. दिसत होतेच.

"टोक," मी म्हटलं. "ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचं."

काकूंनी कात्री पुढे केली. गाठ दुहेरी होती, दोनदा कापावी लागली.

उजेड असतानाच सईचा ट्रक आला. ती उतार बघत उतरली, आणि तिचे खांदे सैल झालेले मला लांबूनच दिसले. "मावशी, भारी काम! सगळं क्लिअर?"

"एक राहिलंय. ते मैदानाजवळचं. ते जुनं नाही. मी तुला चुकीचं सांगितलं होतं, आणि चुकून नव्हे."

सई झाडाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "मी मोजलं नव्हतं. तुम्ही म्हणालात म्हणून लिहिलं."

"माहीत आहे. म्हणूनच सांगतेय."

"दोन सीझन, मावशी."

"हो."

तिनं फोन काढून नकाशावरची खूण पुसली. बराच वेळ पुसत होती, एवढा वेळ लागत नाही. "उद्या क्रू पहिलं हेच घेईल," ती म्हणाली.

"तुझी करवत गाडीत आहे ना? आत्ता घे."

सईकडे करवतीचं लायसन्स आहे. तिनं हेल्मेट चढवलं, आम्हांला लांब उभं केलं, आणि चार मिनिटांत झाड आडवं झालं. ताज्या लाकडाचा वास आला, पेन्सिलीला टोक काढल्यासारखा. मी रडेन असं काकूंना वाटलं असावं, त्यांनी माझा दंड धरला होता. मी रडले नाही. मला भूक लागली होती.

"पक्षी येतात कुठून?" काकूंनी विचारलं.

मी मैदानापलीकडच्या डोंगराकडे बोट केलं. आता त्यासाठी झाडाआडून बाजूला सरकावं लागलं नाही.