एकेचाळिसावा उंबरा

"तो शब्द तेवढा लिहू नको गो," सरपंचांच्या पत्नी प्रयागबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, आणि मैनाने टाक दौतीत बुडवला.

"कोणता शब्द, काकी?"

"त्योच, अविश्वासाचा. म्हातारे झालात म्हण, ईसर पडतो म्हण, काय ते तोंडावर सांग. खुर्चीवरनं उठतील ते. माझा माणूस हाय, मला ठावं हाय. पण कागदावर तो शब्द नको."

मैना हसली. "अहो काकी, शब्द कायद्यातला आहे. तो माणसाला लागत नाही, खुर्चीला लागतो."

प्रयागबाईंनी भिंतीला धरून उभ्या राहणाऱ्या मैनाच्या लेकीकडे, शकूकडे, एकदा पाहिलं. "लागत नाय म्हनतीस," एवढंच म्हणून त्या वळल्या. मैनाने ओळ पुरी केली. सरपंच महिपत यांच्यावर खाली सही करणाऱ्या सदस्यांचा विश्वास राहिलेला नाही. सगळ्या वाडीत वळणदार अक्षर तिचं एकटीचं. पुण्याला मामांकडे राहून ती दोन वर्षं कॉलेजात गेली होती. म्हणून पंचायतीच्या सात जणांत बायकांच्या जागेवर तिला घेतलेली, आणि म्हणून हा कागदही तिच्याकडेच आलेला.

कारण होतं विहिरीचं. शिवथरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीची विहीर जमिनीच्या बरोबरीने उघडी होती. कठड्यासाठी पंचायत समितीला धाडायचा अर्ज महिपततात्यांनी दोनदा हरवला आणि तिसऱ्यांदा सही न करताच कनवटीला लावून ठेवला. आषाढात शेजारच्या चांगूचं वासरू आत गेलं. शकू तेव्हा रांगत होती, आता पावलं टाकू लागली होती. दत्ताराम, शकूचा बाप, मुंबईला गिरणीत. भाकरी थापताना मैनाचा एक डोळा तव्यावर नि एक दारावर असे. उपसरपंच येसाजी म्हणाला, "वैनी, तात्या हायेत तोवर कठडा नाय व्हायचा," आणि तिला ते पटलं.

तात्या तिला परके नव्हते. आठवड्याचा पेपर आला की ते तिच्या ओटीच्या पायरीवर येऊन बसत आणि वाचून घेत. गेल्या थंडीत त्यांनीच विचारलं होतं, "सूनबाय, दिल्लीत दोन माणसं कशाला गो? एक राष्ट्रपती नि एक पंतप्रधान?"

"राष्ट्रपतींच्या नावानं कारभार चालतो, तात्या. चालवतो पंतप्रधान. तोही निम्म्याहून जास्त खासदार त्याच्या बाजूनं असले तोवरच. ते फिरले की उतरायचं."

"नि अमेरिकेत?"

"तिथं दोन्ही एकच. लोकांनी निवडायचा, चार वर्षं. सभागृह रुसलं तरी जागचा हलत नाही. मोठा गुन्हा केला तरच."

तात्यांनी बराच वेळ काठीने पायरीवरची माती उकरली. "मंग मी अमेरिकेतला," ते म्हणाले. "मला गावानं बसवलाय. होळीच्या माळावर, सगळ्या उंबऱ्यांनी मिळून. सात जणांनी नाय."

ओटीवरची माणसं खो खो हसली. "तात्या, टोपी घाला आता साहेबाची!" चांगू ओरडला. मैनाही हसली. खरं म्हणजे तेव्हाच सांगायला हवं होतं, की होळीच्या माळावरचा तो गजर कुठल्याच दप्तरात नाही. गाव सात जण निवडतो, सरपंच निवडतात ते सात जण, आणि उतरवतातही तेच. पण शकू मांडीवर पेंगत होती, आणि म्हातारा इतका खुशीत होता.

सभा झाली ती भाताच्या कापणीच्या दिवसांत. ठराव मैनानेच वाचला. सातांतले चार हात लगेच वर गेले. पाच लागत होते. पाचवा हात तिचा. दुसऱ्या हातावर शकू होती.

"झालं?" तात्यांनी विचारलं.

"झालं, तात्या," येसाजी खाली बघत म्हणाला.

"गाव कुठं हाय?" तात्या दाराकडे पाहत म्हणाले. बाहेर उन्हात एक कुत्रं पडलं होतं. माणसं शेतावर होती. तात्यांनी काठी घेतली आणि ते गेले.

महिन्याभरात कठडा उभा राहिला. दगड वाहायला तात्याही आले. कुणी नको म्हटलं तरी ऐकेनात. गवंड्याच्या छिन्नीखालून उडालेल्या कपच्या ते वेचून खिशात टाकत होते. मैनाला वाटलं, राग गेला.

मग एका दुपारी कुंपणापलीकडून तिने ऐकलं.

"चांगू, तुझा माझ्यावर विश्वास हाय का?"

"हाय की तात्या. हे काय इचारनं झालं?"

तात्यांनी डाव्या खिशातली एक कपची काढून उजव्या खिशात टाकली आणि पुढच्या दाराशी गेले. राहीबाई म्हणाली हाय. सोनबा म्हणाला हाय. ठरावाला हात वर केलेला येसाजी त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "तुमच्यावर नाय तर कोनावर, तात्या?" मैनाच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. अशा माणसाला तोंडावर नाही कोण म्हणणार?

रोज चार-पाच उंबरे. तिने आपलं उत्तर तयार ठेवलं. तात्या, तुमच्यावर आहे, कारभारावर नव्हता. ती ते घासून, पुसून, मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघे. काठी पाखाडीच्या दगडी वाटेवरून टक, टक करीत चढे, तिच्या पायरीशी थांबे. मैना पदर सारखा करून उभी राही. मग काठी पुढे जाई.

वाडीचे उंबरे एकेचाळीस. चाळीस झाले. तिच्या दारी कुणी आलं नाही.

त्यानंतर काठी वाजायची थांबायला हवी होती, पण ती तिला ऐकू येतच राहिली. भांडी घासताना, पाणी शेंदताना. दार उघडावं तर पाखाडी मोकळी. हा आपल्याच मनाचा खेळ, असं तिने ठरवून टाकलं होतं. मग एके दिवशी भर दुपारी खेळता खेळता शकू थांबली, पायरीकडे बघून हसली, आणि बोट करून स्वच्छ म्हणाली, "आले."

पायरीवर कुणी नव्हतं.

त्याच दिवशी ऊन कलताना प्रयागबाई आल्या. ओटीवर बसल्या, पण पाणी घेतलं नाही.

"गेले," त्या म्हणाल्या.

मैनाने विचारलं, "म्हणजे?"

"सकाळी गेले. त्या कपच्यांचे खडे घेऊन. महाडला जातो म्हनाले, नि तिथनं दिल्लीला. ज्याच्या नावानं कारभार चालतो म्हनून तू सांगितलंस, त्याला दाखवायला. चाळीस उंबरे हाय म्हनतात नि कागद नाय म्हनतो, तर खोटं कोन ते त्यानं सांगावं, म्हनाले."

"माझ्याकडे का नाही आले, काकी? मी उत्तर देणार होते."

"म्हनून तर नाय आले." प्रयागबाई विहिरीच्या नव्या कठड्याकडे बघत होत्या. "मी म्हटलं, एक उंबरा राह्यला. तर म्हनाले, तिला नको. बाकीचे माझ्या तोंडाकडं बघून बोलतात. ती शिकलेली हाय, ती खरं सांगेल."

त्याला आता दोन वर्षं झाली. येसाजी दोन दिवसांनी महाडला जाऊन आला. कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेला एक म्हातारा तिथल्या शिपायाने पाहिला होता. नाते गावच्या बाजारात कुणाला दिसला. पोलादपूरकडचा एक ड्रायव्हर सांगत होता, की घाटाखालच्या वाड्यांतून कुणी एक जण दारोदार फिरतो. भीक मागत नाही, काहीतरी विचारतो आणि पुढे जातो. कुठल्याच दोघांचं सांगणं जुळत नाही. दत्तारामने मुंबई सोडली, महाडला दुकान टाकलं, आणि मैना शकूला घेऊन तिथे राहायला आली. घराला पायरी नाही, दार थेट रस्त्यावर उघडतं. तरी दुपारी काम करता करता तिचा हात थांबतो.

एसटी स्टँडवर ती मुद्दाम जाते. गाडीत चढणाऱ्या ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्यांना तिचं एकच सांगणं असतं, आणि तुमचंही कधी त्या बाजूला जाणं झालं तर ते तुम्हालाही आहे. खिशात खडे वाजणारा कुणी म्हातारा भेटला तर जरा बघा हो, बरा आहे ना, पोटात काही आहे ना. तो विचारेल. पटकन हाय म्हणून मोकळे होऊ नका. त्याला सावलीत बसवा, पाणी द्या, आणि महाडला दत्तारामच्या दुकानावर निरोप धाडा. एक उंबरा अजून मोजायचा राहिला आहे, तो इथे आहे म्हणावं.