दारात 'पद्मा' म्हणू नये

आधीच सांगते, गावाचं नाव विचारू नका. क्योतोपासून ट्रेनने दीड तास आणि पुढे बस, एवढंच पुरे. पूर्वी मी कुणी न विचारता सांगत सुटायचे, आणि त्यातूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

मी अपर्णा. सिडनीत टूनगॅबीला राहते आणि एका हॉस्पिटलमध्ये नर्सेसचं रोस्टर लावते. दीडशे नर्सेस, तीन शिफ्ट्स आणि प्रत्येकीची काहीतरी अडचण, हे सगळं मी एका एक्सेलमध्ये बसवते. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट रकान्यात बसू शकते असा माझा समज आहे. माझा नवरा यतिन म्हणतो, हिने मलासुद्धा फिल्टर लावून निवडलंय. त्याचं चुकत नाही, पण हे त्याने पाहुण्यांसमोर बोलू नये.

दोन वर्षांपूर्वी येन घसरला आणि टूनगॅबीपासून पेंडल हिलपर्यंतचा सगळा मराठी समाज जपानला निघाला. ज्याच्या घरी जेवायला जावं तिथे टीव्हीवर तेच लाल कमानींचे फोटो. शेवटी आम्हीही निघालो. मी, यतिन, अकरा वर्षांची स्पृहा आणि माझी आई पद्मा. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. अंडं सोडा, अंड्याशेजारी ठेवलेला पावही ती खात नाही.

क्योतोत माझी नुसती चिडचिड झाली. देवळाच्या पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. बसमध्ये आमच्या चार बॅगा चढल्या आणि कांद्याच्या पातीची पिशवी घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईला खालीच राहावं लागलं. बस सुटल्यावर मी यतिनला म्हटलं, या टुरिस्टांनी शहराची पार वाट लावलीय. त्याने आमच्या बॅगांकडे पाहिलं आणि तो खिडकीबाहेर बघत बसला.

आईचे मात्र हाल झाले. जपानमध्ये भाजी मिळत नाही असं नाही, पण ती बहुतेक वेळा माशाच्या पाण्यात शिजून येते. साधा भोपळासुद्धा. चार दिवस आई केळी, पांढरा भात आणि घरून नेलेला चिवडा यांवर काढत होती. तक्रार करत नव्हती, आणि आई तक्रार करत नाही म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

पाचव्या दिवशी आम्ही त्या गावात पोचलो. तिथे एक खानावळ होती. सहा स्टुलं, एक काउंटर आणि काउंटरमागे एकटीने रांधणारी ऐंशीच्या घरातली बाई. तिचं नाव तोमिको. कोपऱ्यातल्या स्टुलावर टोपीवाले एक आजोबा बसले होते, ते रोजचे असावेत. समोर वाडगा आला. आईने वास घेतला, वाडगा हळूच पुढे सरकवला आणि हात जोडले. मी लगबगीने फोनवर भाषांतराचं ॲप उघडलं. तोमिकोने फोनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पातेलं घासलं, नवीन पाणी ठेवलं आणि वाळलेले मशरूम आईला दाखवले. आईने मान डोलावली. मग समुद्री शेवाळाची पट्टी दाखवली. आईने जरा विचार करून तीही पास केली. अर्ध्या तासाने रस्सा झाला आणि आईने तीन वाडगे संपवले.

मग ती उठली, सरळ काउंटरमागे गेली आणि स्वतःचा वाडगा विसळायला लागली. आपलं उष्टं दुसऱ्याने काढायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. टोपीवाल्या आजोबांचा घास हातातच राहिला. तोमिको मात्र खुदकन हसली आणि तिने आईच्या गळ्यात एप्रन अडकवला. पुढचे दोन तास दोघी शेंगा सोलत बसल्या, आई मराठीत आणि ती जपानीत. नंतर मी विचारलं, काय बोललात एवढं? तर आई म्हणाली, तिचाही मुलगा लांब असतो. हे आईला कसं कळलं ते मला आजवर कळलेलं नाही. निघताना दोघींनी छातीवर हात ठेवून एकमेकींना नावं सांगितली. बसमध्ये आई स्वतःशीच हसत होती. बाबा गेल्यानंतर तिला अशी मी प्रथमच पाहिली.

आता माझा पराक्रम ऐका. परत आल्यावर मी जपानचं एक्सेल मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. शाकाहारी लोकांसाठी वेगळी शीट होती आणि तिच्यात एकतिसावी ओळ होती. खानावळीचा पत्ता, सहा सीट, माशाचं पाणी नाही, मस्ट डू. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'दारात पद्मा म्हणा, ती समजेल.'

लोकांनी म्हटलं. पेंडल हिलच्या चार कुटुंबांनी म्हटलं, मग मेलबर्नच्या मंडळाने, मग ऑकलंडने, आणि एक्सेल पुण्याला पोचल्यावर तर विचारायलाच नको. सुरुवातीला कौतुकाचे मेसेज यायचे. नाव घेतल्याबरोबर आजी धावत दाराशी आल्या, रस्त्यावर इकडेतिकडे पाहिलं, मग आम्हाला आत घेतलं, किती गोड. ती धावत दाराशी कुणाला बघायला येत होती, हे माझ्या डोक्यात त्या वेळी आलंच नाही. मी वर केलेला अंगठा पाठवत राहिले. लोक त्याला 'पद्मा कोड' म्हणायला लागले. गुरुदत्त म्हणून मंडळाचे खजिनदार आहेत, ते नऊ जणांना घेऊन गेले, सोबत लोणच्याची बरणी, आणि वर त्यांची तक्रार की कोपऱ्यातला एक लोकल म्हातारा जागाच सोडत नाही. दिवाळीत आमच्या गल्लीतले दिवे बघायला गाड्या येतात तेव्हा ड्राइव्हवेत कचऱ्याच्या बिन आडव्या लावून उभी राहणारी मी, पण या तक्रारीवर मी चक्क सहानुभूतीची इमोजी टाकली.

यातलं आईला काहीच माहीत नव्हतं. तिला कळलं ते गेल्या ऑक्टोबरमध्ये, ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर. कुणीतरी फोटो टाकला होता, वर ओळ होती, 'जपानमधल्या खेड्यात मराठी पाटी! ऊर अभिमानाने भरून आला.' खाली बत्तीस नमस्कार. पाटी तोमिकोच्या दारावरची होती. जपानमधल्याच कुणा मराठी इंजिनिअरने तिला लिहून दिली होती म्हणे, अक्षर वळणदार होतं.

'नमस्कार. दुकान लहान आहे. कृपया दारात पद्मा असे म्हणू नये. पद्माच्या नावाने जेवण मिळणार नाही.'

आईने फोन माझ्यासमोर धरला. मी सगळं कबूल केलं, एकतिसाव्या ओळीसकट. स्पृहा सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "मम, यू बेसिकली लीक्ड आजी."

"माझं नाव म्हणजे काय कूपन आहे का गं?" आई म्हणाली. "तिला वाटत असेल, ही बया स्वतः पोटभर जेवली आणि मग अख्खी पंगत धाडली."

मी पटकन म्हटलं, आपण परत जाऊ, तू समक्ष सांग. पण सप्टेंबरमध्येच आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरने वर्षभर प्रवासाला मनाई केली होती. ऐंशीच्या बाईला वर्षभर थांब कसं सांगणार? खानावळीला फोन नव्हता. पत्र लिहू म्हटलं तर आई म्हणाली, कुणाच्या तरी हातचं जपानी ती कशाला वाचेल, पद्माच्या नावाने आधीच पुष्कळ लोक येऊन गेलेत. आणि गेले तरी दारात उभी राहून काय सांगू? मी पद्मा? सगळे तेच सांगतात. हे ऐकून मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग मी माझ्या पद्धतीने निस्तरायला गेले. एक्सेलमधून ओळ उडवली. पण ते नवीन एक्सेल, आणि जुनी तर जगभर फिरत होती. मग सगळ्या ग्रुपवर कळकळीचा मेसेज टाकला की कृपा करून तिथे जाऊ नका. दोन तासांत सात जणांनी पत्ता विचारला. आणि माझा मावसभाऊ स्वप्निल, जो मेलबर्नला डँडेनॉन्गजवळ राहतो आणि तेव्हा बायकोमुलांना घेऊन क्योतोत होता, त्याने लिहिलं, थँक्स ताई, बरी आठवण केलीस, गुरुवारी जातोच.

मी त्याला फोनवर असं झापलं की शेजारच्या बाईने खिडकी लावून घेतली. तो बिचारा नो वरीज, नो वरीज म्हणत राहिला. तेवढ्यात आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"स्वप्निल, तू जा," ती म्हणाली. "रांगेत उभा राहा. नाव घ्यायचं नाही. तुझी पाळी आली की व्हिडिओ लाव आणि फोन तिच्यासमोर धर. पुढचं मी बघते."

गुरुवारपर्यंत आईने तीन जपानी शब्द घोकले, तिन्ही माफीचे. गुरुवारी मी घरूनच काम करत होते. आईने निळी साडी नेसली, केस विंचरले आणि कुकर लावायच्या आधीपासून किचनच्या टेबलाशी जाऊन बसली. दोन वाजता फोन वाजला. आधी स्वप्निलचे बूट दिसले, मग रांग. पंधरा-वीस माणसं असतील, त्यांतली एक बाई मराठीतच मुलाला रागवत होती. स्वप्निलची बायको मयूरा मागून म्हणत होती की मुलं भुकेने रडकुंडीला आलीत. मग ती पाटी आली आणि पाटीशेजारचं दार सरकलं.

तोमिको बाहेर आली. पूर्वीच्या निम्मी झाली होती. तिने स्वप्निलचा चेहरा पाहिला, मागची मुलं पाहिली, आणि काही न बोलता पाटीवर बोटाने दोनदा टकटक केलं. रागाने नाही. दिवसातून वीसदा तेच करून माणूस जसं करतं, तसं. स्वप्निलने घाबरत घाबरत फोन तिच्यासमोर धरला.

आई तिन्ही शब्द विसरली.

"अगं, किती वाळलीस," ती म्हणाली. "जेवतेस की नाही स्वतः?"

तोमिकोचं बोट पाटीवरच राहिलं. तिने फोनकडे पाहिलं, जवळ येऊन पाहिलं, आणि आमच्या स्क्रीनवर नुसता तिचा एक डोळा आणि भुवई दिसायला लागली. मग सगळं गदागदा हललं. तिने स्वप्निलच्या हातातून फोन काढून घेतला, ती आत गेली आणि दार सरकवून बंद केलं.

स्वप्निल बाहेरच राहिला.

मला हसू आवरेना. पाचच मिनिटांत मयूराच्या नंबरवरून मेसेज आला. ताई, माझा फोन आत गेलाय, ट्रेनची तिकिटं आणि हॉटेलचा पत्ता सगळं त्यात आहे, काहीतरी कर. मी लिहिलं, दार वाजवू नकोस, समोरच्या दुकानातून केळी घे.

आत तोमिकोने फोन कशालातरी टेकवून काउंटरवर ठेवला होता. ती नूडल्स उकळत होती, वाडगे भरत होती आणि मधूनमधून फोनकडे वळून काहीतरी सांगत होती. मागे कोपऱ्यात टोपी दिसत होती. आईही सांगत होती, गुडघ्याचं, इथल्या उन्हाचं, तिच्या भिशीचं. एकदा दोघी एकदम रडल्या आणि लगेच दोघींनी एकदमच नाक पुसलं.

मला वाटलं, आता माझी पाळी. खरी गुन्हेगार मी होते, आणि माफी मागितल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. मी आईच्या खांद्यावरून वाकले, हात जोडले आणि यूट्यूबवर बघून पाठ केलेलं माफीचं लांबलचक वाक्य म्हटलं. तोमिकोने मला पाहिलं. दोन वर्षांपूर्वी मी दोन तास तिच्यासमोर बसले होते. कितीतरी फोटो काढले होते. तिने नम्रपणे मान लववली, आणि फोनच्या वरून दाराच्या दिशेने बोट दाखवलं. पाटी तिकडे होती.

"माझी मुलगी आहे गं," आई तिला म्हणाली. मग मला म्हणाली, "तू जा बाहेर. जाताना दार लावून घे."

मी पॅसेजमध्ये येऊन दार लावलं. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. तीन वाजायला आले होते. माझं जेवण आतच राहिलं होतं, पण दार वाजवायची माझी हिंमत झाली नाही.